बांधावरची बाभूळ तोडण्याआधी : दुष्काळी पट्ट्यातल्या ग्रामसभांना खुलं पत्र

प्रति,
सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, जैवविविधता व्यवस्थापन समितीचे सभासद आणि ग्रामसभेला येणारे सगळे गावकरी,
आटपाडी, जत, कवठेमहांकाळ (जि. सांगली) आणि माण, खटाव (जि. सातारा)

विषय : बांधावरची झाडं, गायरान आणि उंदराचं औषध यांबाबत २६ जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घेण्याविषयी.

सप्रेम नमस्कार.

मी आटपाडी तालुक्यातला शेतकरी. शाळू, मका, थोडं डाळिंब आणि दारात जनावरं, असा माझा प्रपंच. हे पत्र एका पक्ष्यासाठी लिहितोय. एवढ्या मोठ्या प्रश्नांच्या गर्दीत पक्ष्याचं काय घेऊन बसलाय, असं कुणाला वाटेल. पण या पक्ष्याचं राहणं-जाणं ना वनखात्याच्या हातात आहे, ना मंत्रालयाच्या. ते आपल्या बांधांवर आणि आपल्या ग्रामसभेच्या ठरावांवर ठरतं, म्हणून पत्र तुम्हालाच आहे.

पक्ष्याचं नाव तीसा. आपल्याकडं कुणी त्याला घार म्हणतं, कुणी ससाणा, आणि बहुतेक जण काहीच म्हणत नाहीत. कावळ्याएवढा, तपकिरी अंगाचा. डोळा पांढुरका, गळा पांढरा आणि त्यावर मधोमध एक उभी काळी रेघ, मानेच्या मागं पांढरा डाग. इंग्रजीत ज्यांना बझर्ड म्हणतात त्या शिकारी पक्ष्यांपैकी हा आपल्या माळरानावर बारमाही राहणारा. थंडीत त्याचे काही पाहुणे येतात. लांब पायांचा मोठा बाज मध्य आशियाकडून उतरतो, आणि माळावर, उभ्या पिकावर अगदी खालून तरंगत जाणारे भोवत्ये येतात. झाडीत आग्यामोहोळावर धाड घालून पोळ्यातल्या अळ्या खाणारी मोहोळघारही आपल्याकडं दिसते. पण तीसा इथलाच. इथंच घरटं करतो, इथंच पिल्लं वाढवतो, दुष्काळातही आपल्याबरोबर इथंच असतो.

त्याची शिकारीची रीत बघण्यासारखी आहे. शाळू निसवायच्या सुमारास, उन्हं वर आली की तो बांधावरच्या हिवराच्या किंवा बाभळीच्या उघड्या फांदीवर येऊन बसतो. घारीसारखा आभाळात घिरट्या घालत बसत नाही. मान किंचित खाली घालून तो जमीन वाचत राहतो. अर्धा-अर्धा तास हालत नाही. ऊन लागून नाकतोडे हलायला लागले, पाला खसखसला, की पंख अर्धे मिटून फांदीवरून सरळ खाली येतो. पुष्कळदा उडून परत जायचीही घाई करत नाही, ढेकळांतच उभा राहून खातो, चार पावलं चालतो, आणखी काही मिळतंय का बघतो, मग पुन्हा त्याच झाडावर. अशा झाडाच्या बुडाशी वाकून पाहिलंत तर अंगठ्याएवढ्या सुक्या गोळ्या सापडतील. न पचलेलं ते तोंडावाटे टाकून देतो. काडीनं एखादी गोळी फोडा. नाकतोड्यांच्या तंगड्या, भुंग्यांची चकचकीत कवचं, सरड्याचे खवले, उंदराचे करडे केस असं सगळं दाबून बसलेलं असतं. त्या शिवारात त्यानं काय-काय खाल्लं याचा हिशेब तिथं पडलेला असतो, कुणीही तपासावा.

तरीही गावात त्याच्याबद्दल चांगलं बोललेलं फारसं ऐकू येत नाही. मुख्य तक्रार कोंबडीच्या पिल्लांची. ती तक्रार मी हसण्यावारी नेत नाही. देशी कोंबडी खुडूक बसवायची, एकवीस दिवस जपायची आणि दहा पिल्लांतली चार-पाच पंधरा दिवसांत गायब व्हायची, यात घरातल्या बाईचं खरं नुकसान असतं. मीठ-मिरचीचा, पोरांच्या वह्या-पेनांचा पैसा त्यातून निघत असतो. पण पिल्लं नेतं कोण, हे नीट पाहायला हवं. शेपटीला खाच असलेली, गावावर घिरट्या घालणारी ती घार. ती अंगणात झडप घालते. झाडीच्या आडून सुसाट येऊन पिल्लू किंवा चिमणी उचलणारा तो शिकरा. मुंगूस आणि बोका तर रोजचेच. तीसा गावात येत नाही. त्याची जागा शिवार आणि माळ. अशक्त, आजारी पाखरू कधी त्याच्या तावडीत सापडतं, नाही असं नाही, पण त्याचं पोट चालतं ते किड्या-मकोड्यांवर, सरड्यांवर आणि उंदरांवर. घारीचा राग काढायला पोरं गलोल घेऊन जातात ती मात्र याच्याकडं, कारण हा खालच्या फांदीवर बसलेला असतो आणि लवकर उडत नाही. पिल्लं वाचवायची असतील तर डालगं आणि अंगणावर ताणलेली जुनी साडी कुठल्याही दगडापेक्षा जास्त कामाची. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली झाला. शिकारी पक्षी मारणं हा त्याखाली गुन्हा आहे, हे पोरांना सांगायला हवं.

दुसरा आक्षेप म्हणजे, हा आळशी पक्षी, दिवसभर बसून राहतो, कशाच्या उपयोगाचा नाही. उपयोगाच्या बाबतीत मीही वाढवून बोलणार नाही. तीसा शिवारातले उंदीर संपवतो असा माझा दावा नाही. उंदीर-घुशींचा खरा कारभार रात्रीचा, आणि त्यांना रात्री टिपणारं गव्हाणी घुबड त्यात तीसापेक्षा कितीतरी पुढं. पण नाकतोडे, टोळ, भुंगे, दिवसा बाहेर पडणारे उंदीर यांच्यावर दररोज फुकट पहारा ठेवणारा राखणदार म्हणून त्याची किंमत आहे. आणि गंमत बघा, हरभऱ्यावरच्या घाटे अळीसाठी कृषी विभाग आपल्याला शेतात टी आकाराचे पक्षी थांबे लावायला सांगतो. आपण काठ्या आणतो, आडवी पट्टी ठोकतो, रोवतो. ज्या बांधावर वाडवडिलांनी राखलेले जिवंत पक्षी थांबे उभे होते, ते त्याच वर्षी आपण जेसीबीनं उपटलेले असतात.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

टेंभू उपसा योजनेचं पाणी आटपाडीला आलं, म्हैसाळचं जत-कवठेमहांकाळकडं गेलं, उरमोडी आणि जिहे-कठापूरचं माण-खटावकडं वळलं. ज्या मुलखानं चारा छावण्या आणि टँकरच्या रांगा पाहिल्या, त्याला पाण्याचं मोल कुणी शिकवायला नको. माझ्याही डाळिंबाला तेच पाणी आहे. पण पाणी आल्याबरोबर रान सपाट करायची एक लाट आली. दोन बांध मोडून एक करायचे, ताली ढासळवायच्या, बांधावरची बाभूळ, हिवर, बोर, लिंब काढून टाकायची, ट्रॅक्टर वळायला जागा करायची. झाडाच्या सावलीनं पिकाच्या दोन ओळी मार खातात, हे खरं आहे. मुळ्या पाणी ओढतात, हेही खरं. पण एका बांधावर चार झाडं असतील तर एखादं राखता येतं. चारही जातात तेव्हा त्या शंभर एकरांच्या पट्ट्यात तीसाला बसायला जागाच उरत नाही. उडत-उडत शिकार करणारा तो पक्षी नव्हे, त्याला बसायला उंच जागा लागते. ती मिळाली नाही तर तो विजेच्या खांबावर बसतो, आणि ज्या खांबावर दोन तारा जवळजवळ असतात तिथं मोठे पंख असलेल्या पक्ष्याला शॉक बसून मरायला वेळ लागत नाही.

त्यात झाडं तोडायची आपली वेळ. माघ-फाल्गुनापासून वैशाखापर्यंत रान मोकळं असतं, जेसीबी मिळतो, मशागत चाललेली असते, म्हणून बांध तेव्हाच साफ होतात. तीसाचा विणीचा हंगामही फेब्रुवारी ते मे हाच. बाभळीच्या किंवा लिंबाच्या दुबेळक्यात काटक्यांचं कावळ्यासारखंच ओबडधोबड घरटं, त्यात दोन-तीन अंडी. वर बघितल्याशिवाय ते दिसत नाही, आणि जेसीबीवाला वर बघत नाही. उन्हाळ्यात एक झाड पडलं म्हणजे पुष्कळदा एक अख्खी वीण पडली.

झाडाइतकाच त्याला मोकळा माळही लागतो. इथं ग्रामसभेचा थेट संबंध येतो. आपली गायरानं सरकारी दप्तरात पडीक म्हणून लिहिलेली असतात. पण ज्यानं मेंढरं राखली आहेत त्याला विचारा तो माळ पडीक आहे का. पहिल्या पावसानंतर तिथं काय-काय उगवतं, पवना कुठं, मारवेल कुठं, कुसळी कुठं, कोणत्या उतारावर टिटवीची अंडी असतात, खोकड कुठल्या बिळात राहतं, हे आपल्या मेंढक्यांना जितकं ठाऊक आहे तितकं कुणा अधिकाऱ्याला नाही. तीसा, भोवत्ये, माळटिटवी, चंडोल, सगळे या गवतावर जगतात, कारण नाकतोडे आणि सरडे या गवतात असतात. अशा माळावर खड्डे काढून गिरिपुष्पाची दाट लागवड केली की कागदावर वृक्षारोपण होतं, पण चरायला गवत उरत नाही आणि पक्ष्याला शिकार उरत नाही. झाड लावणं पुण्याचं काम आहे, पण गावठाणात, ओढ्याकाठी, रस्त्याकडेला, बांधावर. गवताचा माळ गवताचाच राहू द्यावा.

सौर प्रकल्पांचं तसंच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधून शेतीला दिवसा वीज मिळावी ही माझीही मागणी आहे. रात्री-अपरात्री मोटर चालू करायला जाऊन साप चावलेले, विहिरीत पडलेले शेतकरी आपण पाहिले आहेत. या योजनेसाठी गायरान दिलं तर ग्रामपंचायतीला अनुदानही मिळतं, त्यामुळं सदस्यांचा मोह मी समजू शकतो. मी एवढंच म्हणतो की गायरानाचा कोणता तुकडा द्यायचा हे ठरवताना एकदा मेंढक्यांना आणि गुराख्यांना बरोबर घेऊन माळावर फिरून या. खडकाळ, आधीच खणलेला, मुरूम काढलेला तुकडा आधी द्या. चांगल्या गवताचा सलग पट्टा शेवटपर्यंत राखा. नुसता नकाशा बघून तुकडा दिला तर सपाट आणि चांगला तोच आधी जातो.

शिकारी पक्षी माळावरून गेले तर काय होतं, याचं उत्तर सातारा जिल्ह्यातच मिळालेलं आहे. सज्जनगड-ठोसेघरच्या वरच्या अंगाला चाळकेवाडीचं पठार आहे, पवनचक्क्यांनी भरलेलं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी तिथं काम केलं आणि २०१८ साली ते प्रसिद्ध केलं. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी, पवनचक्क्या नसलेल्या भागाच्या मानानं, जवळजवळ चौपट कमी होते. आणि गळ्याखाली निळा-केशरी पंखा उघडणारे तिथले सरडे संख्येनं वाढले होते, निर्धास्त झाले होते, माणसाला जवळ येऊ देत होते, पण अंगानं हडकले होते. वरचा शिकारी कमी झाला की खालच्या जिवांची संख्या, चाल, तब्येत सगळी बदलते, हे आपल्याच पठारावर मोजून दाखवलं गेलं. आपल्या शिवारात याचा नेमका कसा परिणाम होईल ते कुणी मोजलेलं नाही. तोवर राखणदार घालवून बसू नये, असं मला वाटतं.

तिसरी गोष्ट उंदराचं औषध. मक्यात, उसात, हरभऱ्यात उंदीर झाले की आपण दुकानातून पुडी आणतो. झिंक फॉस्फाइड पिठात-गुळात कालवून टाकतो, किंवा ब्रोमाडिओलोनच्या वड्या टाकतो. ब्रोमाडिओलोनची रीत समजून घ्या. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. रक्त गोठायचं थांबून तीन-चार दिवस, कधी त्याहून जास्त, तो सुस्तावून उघड्यावर फिरतो. असा उंदीर दिवसा पकडायला सगळ्यात सोपा. औषध त्याच्या यकृतात साठलेलं असतं, आणि ते खाणाऱ्याच्या यकृतात जाऊन साठतं, मग तो तीसा असो, घुबड असो, गावातलं मांजर असो. म्हणजे उंदीर खाणाऱ्यालाच आपण उंदराबरोबर मारतो आणि पुढच्या वर्षी जास्त पुड्या आणतो.

औषध वापरूच नका असं सांगणं मला शक्य नाही. उभं पीक कुरतडलेलं मी पाहिलंय. पण रीत पाळा. आदल्या दिवशी सगळी बिळं बुजवा. दुसऱ्या दिवशी जी उकरलेली दिसतील ती चालू बिळं. आमिष फक्त त्यात, आत सरकवून, वरून बुजवून. बांधावर, पाटाकडेला उघडं टाकू नका. नंतर रोज रानात फेरी मारून मेलेले आणि मरायला टेकलेले उंदीर गोळा करून खोल पुरा. शेजारच्यांनी मिळून एकाच आठवड्यात हे केलं तर औषधही कमी लागतं, कारण एकानं मारले आणि दुसऱ्याच्या रानातले आले असं होत नाही.

फवारणीच्या औषधाचं एक उदाहरण दूरच्या देशातलं आहे, पण पक्षी तीसाच्याच नात्यातला आहे. स्वेन्सनचा बाज उत्तर अमेरिकेत वीण करतो आणि आपल्याकडच्या हिवाळ्यात अर्जेंटिनाच्या गवताळ मैदानांत उतरतो. तिथं तो ट्रॅक्टरमागं, फवारणीच्या रानात, नाकतोडे खात थव्यानं हिंडतो. १९९५-९६ च्या हंगामात तिथल्या शेतकऱ्यांनी नाकतोड्यांसाठी मोनोक्रोटोफॉस फवारलं. शेतांत हजारोंनी पक्षी मरून पडले. त्या एका हंगामात सुमारे २०,००० मेले असावेत असा अंदाज आहे. शेतकऱ्यांचं त्या पक्ष्याशी काही वैर नव्हतं. उलट तो त्यांचंच काम करत होता. मग शेतकरी, औषध कंपनी आणि सरकार यांनी मिळून त्या भागातून ते औषध मागं घेतलं आणि मरणं एकदम खाली आलं. तेच मोनोक्रोटोफॉस आपल्याकडं कपाशीपासून भाजीपर्यंत किती वर्षं मारलं गेलं, ते सगळ्यांना माहीत आहे. केंद्र सरकारनं २०२३ साली त्याच्या बंदीचा आदेश काढला आणि शिल्लक मालासाठी मुदत दिली. कुणाच्या गोठ्याच्या माळ्यावर अजून अर्धी बाटली पडली असेल तर ती वापरू नये.

गिधाडांचंही असंच झालं. ढोरं ओढून टाकायच्या जागेवर एकेकाळी गिधाडं उतरायची, ते आपल्यातल्या वयस्कर माणसांना आठवतं. दुखण्याचं औषध म्हणून जनावरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या ढोरातून गिधाडांच्या पोटात गेलं. हे कारण २००४ मध्ये उजेडात आलं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तोवर शेकडा पंच्याण्णवहून जास्त गिधाडं गेली होती. कुणीही ती मारली नव्हती.

उलटंही घडतं. इंग्लंडात बझर्डाला पिढ्यानपिढ्या शत्रू मानलं गेलं. शिकारीसाठी पाळलेल्या फेझंट पक्ष्यांची पिल्लं खातो म्हणून राखणदारांनी त्याला गोळ्या घातल्या, विष घातलं, सापळे लावले. १९५४ साली पक्षी संरक्षणाचा कायदा झाला. तरी वाद मिटायला पुढं कित्येक वर्षं गेली, काही ठिकाणी तो अजूनही आहे. आज मात्र तो तिथला सर्वांत जास्त दिसणारा शिकारी पक्षी आहे, आणि नांगरलेल्या ओल्या रानात पायी फिरून गांडुळं वेचताना दिसतो. खेड्यातल्या माणसाची नजर बदलायला वेळ लागतो, पण ती बदलते.

ग्रामसभेनं करायचं ते असं. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. ती नोंदवही कपाटातून काढा, आपल्या गायरानावरच्या आणि बांधांवरच्या पक्ष्यांचं पान उघडा. तीसा, भोवत्ये, गव्हाणी घुबड त्यात आहेत का बघा. नसतील तर मेंढक्यांना बोलावून बसवा, शाळेतल्या गुरुजींना बसवा आणि लिहा. कोणत्या बांधावर, कोणत्या झाडावर घरटं होतं, तेही लिहा. मग ठरावात हे घ्या : फेब्रुवारी ते मे या काळात बांधावरचं मोठं झाड तोडायचं नाही, आणि एरवी तोडायचं झालं तरी प्रत्येक बांधावर किमान एक उंच झाड राखायचं; गायरानातला गवताचा सलग पट्टा ग्रामसभेत दाखवल्याशिवाय लागवडीला किंवा प्रकल्पाला द्यायचा नाही; उंदराचं औषध बिळातच घालायचं आणि मेलेले उंदीर पुरायचे. सक्ती करायची की नुसतं आवाहन ठेवायचं, हे प्रत्येक गावानं आपलं आपण ठरवावं. ज्याचं एक-दीड एकर रान आहे त्याला बांधाच्या झाडाचं नुकसान जास्त लागतं. त्याला बांधावर लावायला शेवग्याची किंवा बोरीची रोपं ग्रामपंचायतीनं फुकट द्यावीत, असंही मला वाटतं.

हा विषय २६ जानेवारीच्या सभेच्या विषयपत्रिकेवर यावा म्हणून कुणीही गावकरी ग्रामपंचायतीत साध्या कागदावर अर्ज देऊ शकतो. अर्जाची पोच घ्यावी. मी माझ्या गावात दिला आहे. १ मेच्या सभेपर्यंत थांबलो तर यंदाची वीण हातची गेलेली असेल.

आपला,
आटपाडी तालुक्यातला एक शेतकरी